ज्ञानबा लांगऱ्याचं नाक

ज्ञानबा लांगऱ्याला वास येत नव्हता. कसलाच नाही. फुलाचा नाही, घामाचा नाही, करपलेल्या भाताचाही नाही. आणि तो आचारी होता. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं यावरच उभं आहे. गोष्ट लपवून ठेवून शेवटी बाहेर काढायची कला मला येत नाही. शाळा मी तिसरीत सोडली. मास्तरानं कान पिळला म्हणून सोडली, आणि बापानं मारलं तरी परत गेलो नाही. तरी लिहायला बसलोय. ज्ञानबाबद्दल आमच्याकडं जे बोललं जातं त्यातलं बरंच खोटं आहे, आणि खरं ठाऊक असलेला मीच आता उरलोय.

मोठी लढाई संपून पलटणी घरी येत होत्या, त्या सुमाराची गोष्ट. साताऱ्यात सर्व्हिस मोटारींच्या अड्ड्याजवळ गोदाक्काची मटण-भाकरीची खानावळ होती. मी तिथं लाकडं फोडायचो, मसाला वाटायचो आणि गिऱ्हाईक दारू पिऊन आलं तर त्याला बाहेर काढायचो. एक दिवस ज्ञानबा दारात येऊन उभा राहिला. अंगात लष्करी कोट, डोक्याला पटका, आणि पटक्याखाली उजव्या कानाच्या वर एक बुजलेली खोक.

आक्कानं विचारलं, "काय येतं तुला?"

"लांगरी हुतो पलटणीत. इटलीत कुकहाऊस चालवलंय."

"इटली कुठं आली रं?"

"लय लांब, आक्का. तिथली मेंढरं बी शिजायला येळ लावत्यात."

आक्का हसली नाही. तिचं हसणं नवऱ्याबरोबर गेलं होतं. पण तिनं त्याला ठेवून घेतलं. लांगरी म्हणजे पलटणीचा आचारी. तेच त्याचं नाव पडलं.

त्याला राहायला जागा नव्हती म्हणून आक्कानं त्याला माझ्या खोलीत घातलं. शनिवार पेठेत एका भुसार दुकानावरची ती माडी. खोलीला एकच खिडकी, पण उगवतीला. जरंड्याच्या डोंगराच्या बाजूनं ऊन वर आलं की पहिलं आमच्या खिडकीत पडायचं. मला त्या उन्हाचा रागच होता, कारण ते थेट माझ्या डोळ्यावर यायचं. ज्ञानबानं मात्र खोलीत पाऊल टाकल्याबरोबर बघितलं ते ऊनच. खिडकीच्या कट्ट्यावर हात ठेवला, दगड किती तापलाय ते पाहिलं आणि म्हणाला, "ही जागा माझी."

मी म्हटलं, "घे की. मला काय तिथं पिंडदान करायचंय?"

आठवडा गेला नाही तोवर कट्टा भरला. फुटक्या घागरीची बुडं, कान तुटलेली चिनी माती‌ची बरणी, तळाला भोक पाडलेला लष्करी मग. माती माहुलीच्या घाटावरून आणलेली, गाळाची. कोथिंबिरीसाठी तो धने फडक्यात घेऊन चपलेच्या टाचेखाली रगडायचा. अख्खा धना लवकर उगवत नाही, दोन फाका झाल्या पाहिजेत. आणि फार रगडला तर पीठ होतं. रगडताना तो मान तिरकी करून आवाज ऐकायचा. पुदिना मंडईतनं भाजीबरोबर आलेल्या काडीचा. काडी पेल्यात पाण्यात ठेवली, तिला पांढरी मुळं सुटली, मग मगात लावली. पानओव्याची एक फांदी देवळामागून तोडून आणली. गवती चहाचं ठोंबही होतं. कढीपत्त्याचं रोप त्यानं दोनदा आणलं, दोन्ही वेळा वाळलं. "ह्यो ऑर्डर ऐकत न्हाई," असं म्हणून नाद सोडला.

रोज तो कुंड्या फिरवायचा. रोपं उन्हाकडं कलली की त्यांचं तोंड खोलीकडं करायचं, म्हणजे ती परत सरळ होतात. फिरवताना कवायतीचा हुकूम सोडायचा, "फालिन! सीधा देख!" पाणी घालायचा ते कट्ट्यावरून खाली गळायचं, आणि खालून दुकानदार ओरडायचा, "ओ लांगरी, गिऱ्हाईकाच्या टोपीवर पाणी पडलं!"

"फुकाटची आंघूळ झाली म्हणावं. साबण तुमी द्या!"

मला वाटलं, पलटणीतून आलेला माणूस, चव पाहिजे असेल जेवणाला. पण तो त्यातलं पान खायचा नाही. पहाटे ऊन कट्ट्यावर चढलं की एकेका रोपाचं एकेक पान खुडायचा, तळहातावर चुरायचा, डोळे मिटून नाकाशी धरायचा. मग साहेबानं हजेरी घ्यावी तसं पुटपुटायचा.

"कोथमीर, गैरहजर. ववा, गैरहजर. पुदिना, गैरहजर. च्या, गैरहजर."

आणि हात झटकून कामाला. मी विचारलं तर म्हणायचा, "पलटणीतली सवय हाय, भिवा."

मला कळलं ते उंदरामुळं. खानावळीच्या कोठीत पोत्यांमागं उंदीर मरून पडला होता. उन्हाळ्याचे दिवस. असा वास सुटला की जेवणारे ताटावरून उठले, आक्का पदर नाकाला लावून रस्त्यावर जाऊन उभी राहिली. मी नाक दाबून कोठीत गेलो, तर ज्ञानबा त्याच पोत्याला पाठ टेकून निवांत कांदा चिरत बसलेला. वर मला विचारतो, "का रं, सगळी कुठं गेली?"

मी पोत्यांमागं हात घातला. उंदीर शेपटीला धरून त्याच्या पुढ्यातनं नेला. त्यानं उंदराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि सुरी खाली ठेवली.

खोलीवर आल्यावर सांगितलं. इटलीत डोंगराच्या वाटेवर ट्रक उलटला. भांडी, पीठ, माणसं सगळी एकावर एक. डोकं फुटलं. "डोकं शिवलं, पर नाक बंद झालं. डाक्टर म्हणला, यील, न यील. म्या 'यील' तेवढं धरून ठिवलंय." जेवणात त्याला खारट, आंबट, गोड, तिखट एवढंच कळायचं. मटण आणि वांगं तोंडात सारखंच. "चिंधी चावल्यागत," म्हणाला.

"मग शिजवतोस कसा?"

"कानानं."

आणि खरंच कानानं. मोहरी किती तडतडली, कांद्यातलं पाणी कधी सरलं, रश्श्याचा आवाज कधी जड झाला, यावर त्याचं सगळं चालायचं. चुलीजवळ कुणी बोललं की खेकसायचा. लोकांना वाटायचं लष्करी मिजास. जिथं कान पुरायचा नाही तिथं त्या दिवसापासून मी. फोडणीच्या वेळी हाक यायची, "भिवा, लाकूड बघ!" म्हणजे येऊन वास घे. लसूण लालीला आला की मी खोकायचो. करपायला लागला तर पाटावर हात मारायचो. आक्काला पत्ता लागला नाही. सबंध साताऱ्यात त्याच्या रश्श्याचं नाव झालं, आणि तो रस्सा कसा लागतो ते त्याला एकट्यालाच ठाऊक नव्हतं.

"कुणाला बोलायचं न्हाई, भिवा. माझ्या बहिणीला बी म्हाईत न्हाई. नाक गेलेला लांगरी म्हंजे, सांग तूच, काय ऱ्हातं मागं?"

मी बोललो नाही. मी शब्दाचा पक्का आहे.

पावसाळ्यात त्याचा जीव वर-खाली व्हायचा. साताऱ्याचा पाऊस, ऊन कसलं ते आठवडेच्या आठवडे दिसायचं नाही. कोथिंबीर बुडाला सडून आडवी पडायची. तो सडलेलं खुडून टाकायचा, परत धने रगडायचा, परत पेरायचा. उपजेल न उपजेल, हजेरी चुकायची नाही.

मग थंडी आली. थंडीतलं ऊन त्या खिडकीत फार चांगलं पडायचं आणि पुदिना मगाबाहेर सांडला होता. एका सकाळी मला ज्ञानबानं लाथ मारून उठवलं.

"आला! भिवा, आला! पुदिना हजर!"

त्यानं पान चुरून हुंगलं होतं, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, तोंडात टाकून चावलं होतं. वर श्वास ओढला तर नाकात गार शिरलं. "पार वर, डोळ्याच्या मागं लागलं बघ!" तो एवढा माणूस, मिशीवर पांढरं चढलेलं, आणि उघड्या अंगानं थंडीत उभा राहून हसत होता. खालचा दुकानदार ओरडला, "काय झालं रे वर?" तर यानं खिडकीतनं पुदिन्याची जुडी त्याच्या अंगावर टाकली. "च्यात घाला! माझ्याकडनं!"

त्या दिवसापासून मला फोडणीला हाक येईना. कोथिंबीर अजून गैरहजर होती, ओवाही. पण तो म्हणायचा, "एक शिपाई आला. बाकीची पलटण मागनं येतीया." पुदिन्याची पानं फडक्यात बांधून खिशात ठेवायला लागला. चुलीपुढं अधूनमधून चावायचा आणि मान हलवायचा.

मलाही आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू? पण पुढं मला पडसं झालं. नाक असं गच्च की आक्काच्या तंबाखूचाही वास येईना. आक्का म्हणाली पुदिन्याचा काढा घे. खिडकीतलं पान खुडून तोंडात टाकलं. वास शून्य, आणि गार मात्र तसंच, पार वरपर्यंत. मी पान चावत कट्ट्याशी उभाच राहिलो.

तो आल्यावर तोंडावर सांगितलं. "ज्ञानबा, ह्यो वास न्हाई. मला काय बी वास येत न्हाई सध्या, तरी पुदिना गारच लागतोय. गार लागणं येगळं, वास येगळा."

"तुझं पडसं आन् माझं नाक एक हाय व्हय?"

"कोथमिरीचा येतो का? तिचा आला तर मी मानंन."

त्यानं कोथिंबिरीचं खापर फिरवून ठेवलं. मग म्हणाला, "समजलं. फोडणीला खोकून खोकून तुला वाटाया लागलं, रस्सा तूच करतोस. माझी जागा पायजे तुला."

हे ऐकून घेणारा मी नव्हे. अंथरूण उचललं आणि खानावळीच्या ओट्यावर झोपायला गेलो. बोलणं बंद. माझं म्हणणं बरोबर होतं; आजही मी तेच म्हणतो.

त्याच उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याच्या भाचीचं लग्न निघालं. बहीण हौसा सांगलीला दिलेली, तिची तानू. मुलीचा बाप दोन वर्षांमागं वारलेला. ज्ञानबानं सांगून टाकलं, जेवण मी करणार, मामाचा मान आहे. रेशनिंगचे दिवस. धान्य मोजून, साखर मोजून, आणि पंगतीत माणसं किती यावर सरकारचा डोळा. हौसानं वर्षभर पोटाला चिमटा घेऊन तांदूळ, डाळ साठवलेली. बिघडलं तर दुसरं आणायला कुठंच मिळणार नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं, आणि तरी मला 'चल' म्हणाला नाही. कोट घालून एकटा गेला.

लग्नाच्या दिवशी आक्कानं मला आहेराचं लुगडं देऊन धाडलं. गाडीला मिरजेत उशीर झाला. सांगलीला पोचलो तेव्हा मंगलाष्टकं चालू होती. गल्लीच्या तोंडाशीच मला घासलेटाचा वास आला. वाटलं, कुणी गॅसबत्त्या भरतंय. बत्त्या होत्याही, मांडवाच्या खांबाला ओळीनं टांगलेल्या. पण मांडवाच्या मागं, चुलवणाकडं गेलो तसा वास वाढत गेला. नुसती पातेली झाकून ठेवलेली. कुणी नाही. ज्ञानबानं पलटणीच्या शिस्तीनं सगळ्यांना चुलवणापासून हाकललं होतं.

एकेक झाकण उघडलं. वांग्याची भाजी, आमटी, मसालेभात, गुळाची बुंदी. सगळ्यात घासलेट. भिंतीला टेकून शेंगतेलाचा रिकामा डबा. त्या वेळी तेल आणायला वेगळा डबा कुणाकडं होता? घासलेटाचा डबा राखेनं, गरम पाण्यानं धुवायचा आणि घाण्यावर न्यायचा, घरोघर तीच रीत. पण पत्र्याच्या सांध्यात घासलेट बसतं. म्हणून तेल कढईत ओतायच्या आधी हुंगून बघायचं, हे कुठलीही बाई सांगेल. बायांनी सांगितलंही होतं. एकजण म्हणाली, "मामा, वास येतोय." हा म्हणाला, "बत्त्यांचा हाय. माझं नाक मला सांगतंय."

अक्षता पडल्या, वाजंत्री लागली. मामा नवरीच्या पाठीशी उभा होता तो तिथून चुलवणाकडं आला. पटक्यावर, खांद्यावर अक्षता. मला बघून उजळला. भांडण विसरला होता. "आलास? बघ कसं झालंय!"

"ज्ञानबा, तेलात घासलेट हाय. समद्यात उतरलंय."

त्यानं आमटीत बोट बुडवलं, चाटलं. मीठ, आंबट, तिखट. त्याच्यापुरतं सगळं बरोबर होतं. "काय बी बोलू नगंस शुभ दिवशी." खिशातलं फडकं काढलं, पुदिन्याचं पान तोंडात टाकलं. "ह्ये बघ. येतंय मला. आत्ता येतंय."

मला दुसरं काही सुचलं नाही. पुढं झालो आणि त्याचं नाक चिमटीत गच्च धरलं.

"चाव आता."

तो चावला.

"गार लागतंय?"

त्यानं होकाराची मान डोलावली.

"नाक तर माझ्या हातात हाय, ज्ञानबा."

त्यानं माझा हात काढला नाही. मीच सोडला. तो तसाच उभा राहिला, चावत, आणि मग चावायचा थांबला. बाहेर पत्रावळी मांडल्याचा आवाज येत होता. त्यानं ते पान थुंकलं, पटका काढला, अक्षता झटकल्या, परत नीट बांधला आणि मांडवात गेला. मी म्हणत होतो, मी सांगतो, तू थांब. त्यानं ऐकलं नाही.

पंगतीपुढं हात जोडून म्हणाला, "पाव्हणं, अन्न बिघडलंय. तेलात घासलेट गेलंय. चूक माझी हाय. मला वास येत न्हाई. लढाईपास्नं न्हाई."

नवऱ्याच्या बापानं विचारलं, "वास येत न्हाई आन् आचारी झालास? उद्या आंधळा गाडी हाकंल!"

पंगतीत हशा झाला. शिव्या दिल्या असत्या तर ज्ञानबा उभा राहिला असता. हसल्यावर तो वाकला. मी बघितलं.

पांढरा भात तेवढा वाचला होता. पाहुणे भात, मीठ आणि ताक जेवले. काही उठून गेले. हौसा रडली नाही. एकेक पातेलं स्वतः उचलून गटारात ओतत होती. ज्ञानबा हात लावायला गेला तर म्हणाली, "तू बस, दादा. आता तू काय उचलू नगंस." एवढंच. त्यानंतर भावा-बहिणीचं बोलणं झाल्याचं मला ठाऊक नाही. तानूला सासरी 'घासलेटवाली' असं नाव पडलं, आणि तिला माहेरी धाडणं सासरच्यांनी बंद केलं. हे त्याच्या कानावर यायचं. सांगलीचं कुणी ना कुणी खानावळीत जेवायला यायचंच.

साताऱ्याला आल्यावर त्यानं आक्काला स्वतः सांगितलं. आक्का म्हणाली, "मला काय करायचंय नाकाशी? गिऱ्हाईक बोटं चाटतंय. चुलीपुढं बस." मी म्हटलं, "मी खोकतो परत." तो म्हणाला, "न्हाई, भिवा. लांगरी म्हणून मी नाव लावत हुतो, ते खोटं हुतं." आणि चुलीला परत हात लावला नाही. काही दिवस भांडी घासली. मग एका सकाळी खिडकीतलं कोथिंबिरीचं खापर तेवढं काखेत घेतलं आणि गेला. पुदिना माझ्यावर टाकून गेला. मी पाणी घालत राहिलो, पण त्यातलं पान तोडावंसं मला कधी वाटलं नाही.

पुढं कळलं, सांगलीकडं एका दवाखान्यात त्याला मुडदेघरावर ठेवलंय. ती नोकरी कुणी टिकवत नव्हतं. लोक म्हणतात पैशासाठी गेला, दारूसाठी गेला. दारूला त्यानं शिवल्याचं मी पाहिलेलं नाही. मुडदेघरावर काम करणाऱ्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कुणी घेत नाही. माझं मत आहे, त्याला तेच पाहिजे होतं.

देश स्वतंत्र झाल्यानंतरच्या थंडीत मी त्याला भेटायला गेलो. दवाखान्याच्या मागच्या अंगाला, लिंबाखाली पत्र्याची खोली. ज्ञानबा बारीक झाला होता, पण ताठ. खोलीला खिडकी होती आणि खिडकीत कोथिंबीर. इतकी दाट, इतकी हिरवी मी मंडईतसुद्धा बघितलेली नाही. तोडायला कुणी नव्हतंच. त्या खोलीतली कोथिंबीर कोण नेणार? तिला फुलं येऊन गेली होती, धने धरले होते.

"हजेरी घेतोस का अजून?" मी विचारलं.

"न्हाई. बंद केली."

चहा त्यानं बाहेरून मागवला, स्वतः केला नाही. पिऊन झाल्यावर एक काडी तोडली, चुरली आणि माझ्या हातावर ठेवली.

"तू सांग. कसा असतोय वास? मी पार इसरलो रं."

मी हुंगलं. आयुष्यभर कोथिंबीर खाल्लेला माणूस मी. काय सांगू? हिरवा म्हटलं, तर तो रंग झाला. ओला म्हटलं. "पाऊस न पडल्याल्या ओल्या रानागत," म्हटलं, ते माझं मलाच पटलं नाही. तो माझ्या तोंडाकडं बघत होता, फोडणीच्या वेळी बघायचा तसा. मी आणखी काहीतरी सांगणार तेवढ्यात बाहेर बैलगाडी थांबली.

कृष्णेत सापडलेलं प्रेत होतं, बरेच दिवसांचं. गाडीवानानं तोंडाला उपरणं बांधलेलं. बरोबरचा पोलीस रुमाल नाकाशी धरून लांब, लिंबापलीकडं उभा. मी धोतराचा सोगा तोंडावर घेतला. ज्ञानबानं कोट काढून खुंटीला अडकवला, बाह्या वर केल्या आणि गाडीकडं चालत गेला. ताठ मानेनं, उघड्या तोंडानं. गाडीपाशी पोचल्यावर वाकून आत बघितलं, आणि गाडीवानाला म्हणाला, "बाई हाय. नीट धर."